चाँदपाशाचा मुलगा दिगंबर

‘मॅडम, मला भाऊच नाही,’ समोरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. ‘मग तो नोकरीला कसा काय लागेल?’

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंगळवार होता, म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या आमच्या पुनर्वसन शाखेत लोकांना भेटायचा वार. बाहेर बाकावर वीसेक माणसं ताटकळत बसलेली. अशा वेळी कुणी एकच गोष्ट तीनदा सांगितली की माझं डोकं तापतं. मी तापट आहे, हे लपवत नाही. आम्हां उमरीकडच्या माणसांना गोड बोलणं कुणी शिकवत नाही, असं माझे वडील म्हणायचे, आणि ते स्वतः तसेच होते.

मुलीचं नाव रेश्मा शेख. वय बावीस. लातूरला एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढलेली. चार मुलींच्या खोलीत एक कॉट, दोन वेळचा मेसचा डबा आणि उरलेला सगळा वेळ अभ्यासिकेत. लातुरात अशा हजारो मुली दिसतात, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. त्यांतली ही तलाठी भरतीत निवडली गेली होती. भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेवर. पुढच्या सोमवारी कागदपत्रांची तपासणी होती. त्या दिवशी भूकंपग्रस्त असल्याचा दाखला दाखवला तर नोकरी, नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणं जाणार.

हा दाखला काय असतो ते सांगते. किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारने ठरवलं की ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी सरकारी नोकरीत थोड्या जागा राखून ठेवायच्या. एका कुटुंबाला एकच दाखला. कुटुंबप्रमुख ज्याचं नाव सांगेल त्याच्या नावावर तो निघतो. एकदा कुणी त्यावर नोकरीला लागलं की त्या घराचा हक्क संपला.

रेश्माच्या अर्जावर आमच्या गायकवाड क्लार्कने शेरा मारला होता : सदर कुटुंबास यापूर्वीच लाभ दिला असल्याने अर्ज नामंजूर करण्यास हरकत नसावी.

‘गायकवाड, कुणाला दिलाय लाभ?’ मी विचारलं.

‘मुलाला, मॅडम. रजिस्टरला नोंद आहे. मी स्वतः तपासली.’

‘नाव वाचा.’

गायकवाडने रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं. ‘कुटुंबप्रमुख शेख चाँदपाशा. लाभार्थी दिगंबर. नातं, मुलगा.’

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीच खटकलं नव्हतं.

‘गायकवाड, शेखांच्या घरात दिगंबर कसा जन्माला येईल?’

त्याने पुन्हा रजिस्टरात बघितलं. मग त्याचा चेहरा पडला. ‘अरे बापरे,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘हे मी बघितलंच नाही. मी अनुक्रमांक बघितला, यादी क्रमांक जुळवला, शिक्का बघितला...’

गायकवाड चांगला माणूस आहे, कामसू आहे. त्याला मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोल बोल बोलले. खरं तर हा कागद आधी किती टेबलांवरून गेला असेल! दिगंबर नोकरीला लागला तेव्हा तिथल्या खात्याने तो पाहिला, पडताळणीला आमच्याकडे पाठवला, आमच्याकडून ‘बरोबर आहे’ असं उत्तर गेलं, पुढे त्याला कायम करताना पुन्हा पाहिला. सगळ्यांनी शिक्का बघितला, जावक क्रमांक बघितला, सही बघितली. बाप शेख आणि लेक दिगंबर हे कुणीच वाचलं नाही. आमच्या खात्यात कागद तपासतात, वाचत नाहीत.

‘तू काळजी करू नको,’ मी रेश्माला म्हणाले. ‘बोगस प्रकरण आहे. मूळ फाईल मागवते. वडिलांना घेऊन गुरुवारी ये.’

‘सोमवारच्या आत होईल ना, मॅडम?’

‘मी सांगते म्हणजे होईल,’ मी म्हणाले. तेव्हा मला भलताच जोर चढला होता.

बुधवारी दुपारी रेकॉर्डमधून बस्ता आला. बस्ता म्हणजे लाल फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. शिपायाने गाठ सोडली, धूळ उडाली, मी शिंकले. गावाप्रमाणे दाखल्यांच्या स्थळप्रती लावलेल्या होत्या. स्थळप्रत म्हणजे दाखला दिल्यावर कचेरीत ठेवलेली प्रत. दिगंबरची प्रत सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी सरळ खाली, सहीकडे गेले. बोगस दाखल्यात सही खोटी असते, ती कुणाच्या नावाने मारलीय ते बघायचं आणि पोलिसांत द्यायचं, एवढंच काम होतं. सही नायब तहसीलदाराची होती. वाकडी, थरथरलेली, पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची रांगत गेलेली.

 ती सही माझी होती.

मी दार लावून घेतलं. शिपायाला सांगितलं, कुणाला आत सोडू नकोस. मग पुन्हा बघितलं. दुसऱ्या कुणाला ती माझी वाटली नसती. माझी नेहमीची सही सरळ, ठसठशीत असते. पण ती वाकडी का आहे हे जगात फक्त मलाच माहीत होतं.

भूकंपानंतर आसपासच्या जिल्ह्यांतून महसूलची माणसं तिकडे कामाला पाठवली. मी नांदेड जिल्ह्यात नवीन नायब तहसीलदार होते, मलाही पाठवलं. पहिल्या आठवड्यात मी जे बघितलं ते इथे लिहीत नाही. पुढे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले आणि आमचं काम कागदांचं झालं. घर गेल्याचा कागद, माणूस गेल्याचा कागद, शेड मिळाल्याचा कागद. दुसऱ्या वर्षी हे दाखले आले. दाखल्यासाठी माणसाला तालुक्याला यावं लागायचं. मोडलेल्या पायाच्या बाया, आंधळे म्हातारे, एसटीतून तीस-पस्तीस किलोमीटर येऊन कचेरीच्या पायरीवर बसायचे आणि साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून परत जायचे. एक म्हातारी चार वेळा आलेली मी बघितली. माझं टाळकं सरकलं.

त्याच आठवड्यात शेडच्या पत्र्याने माझा उजवा अंगठा कापला होता, चार टाके पडले होते. तशा पट्टी बांधलेल्या हाताने मी कोऱ्या दाखल्यांचं एक अख्खं पुस्तक, पन्नास फॉर्म, सह्या करून टाकलं आणि चाँदपाशांच्या गावच्या तलाठ्याच्या हातात दिलं. ‘आप्पा, यादी तुमच्याकडे आहे. शेडमध्ये जाऊन भरा आणि जाग्यावर द्या. एकाही माणसाला तालुक्याला चक्कर पडता कामा नये.’ आप्पांनी तसं केलं. लोकांनी दुवा दिला. तहसीलदारांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, आणि मी ते कौतुक इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

आणखी एक सांगितलं नाही तर ते खोटं बोलल्यासारखं होईल. रेश्मा येण्याच्या आदल्याच वर्षी एका मंडळ अधिकाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्याचं मी पकडलं होतं. मंडळ अधिकारी म्हणजे तलाठ्यांच्या वरचा. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला अजून गिरदावर म्हणतात. तो बिचारा म्हणत होता, ‘मॅडम, पेरणीचे दिवस होते, लोकांची सोय बघितली.’ मी त्याला सुनावलं, ‘सोय बघायला सरकारने तुम्हाला सही दिली नाही.’ त्याच्याविरुद्ध कारवाईचा प्रस्ताव मीच पाठवला होता. हे सगळं मला त्या बंद दाराआड आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी पाणी प्यायला उठले ते तशीच उभी राहिले.

गुरुवारी चाँदपाशा आले. साठीचे, बारीक अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांवर सुईच्या बारीक खुणा. गावात शिलाईचं मशीन चालवायचे. भूकंपात बायको, आई, दोन भाऊ आणि एक बहीण गेली. ते स्वतः आणि चार महिन्यांची रेश्मा वाचली. लेकीला घेऊन ते देगलूरला सासुरवाडीला गेले, पाच-सहा वर्षं तिकडेच राहिले. नव्या गावठाणात त्यांच्या नावाचं घर होतं म्हणून पुढे परत आले. दाखला कधी मागितलाच नाही, कारण ज्याच्यासाठी मागावा असं घरात कुणी मोठं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर स्थळप्रत ठेवली. त्यांना मराठी वाचता येत होतं. ओठ हलवत हलवत त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

‘बाई, ह्यो दिगंबर कोन?’

‘ते तुम्हीच सांगा. तुम्ही कुणाचं नाव दिलं होतं का?’

‘मी?’ त्यांचा आवाज एकदम चढला आणि तिथेच फुटला. ‘माझ्या घरात मेले पाच, जगले दोन. त्यांना मी सोता मातीत घातलंय, बाई. मला मोजता येतंय. ह्यो तिसरा कुठनं निघाला?’

रेश्माने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अब्बा, हळू.’

‘हळू काय हळू? सरकार म्हनतंय मला पोरगा हाय. वीस वर्षं झाली हाय. मला कुनी सांगितलं न्हाई!’

मला त्यांच्याकडे बघवेना. ते मात्र माझ्याकडे निरखून बघायला लागले.

‘तुमी त्याच बाई न्हाई का? भूकंपात आलेल्या? मी तुमाला बघितलंय. आमच्या घरासमोरची दगडं तुमी उभं राहून काढून घेतली.’ मग ते लेकीकडे वळले. ‘ह्या लई चांगल्या बाई हायत. ह्यांनी लोकांना चकरा मारू दिल्या न्हाईत, असं समदे म्हनतेत. आता भ्यायचं काम न्हाई.’

मी म्हणाले, ‘हो.’ 

त्या दिवशी संध्याकाळी मी आप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे तेव्हाचे तलाठी, बिरादार आप्पा. रिटायर होऊन लातूरलाच राहिलेले. चार मजली घर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर तीन मजले क्लासच्या मुलांना दिलेले, जिन्यात पन्नास-साठ चपला. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, आनंदाने म्हणाले, ‘बाईसाहेब! या, या. चहा सांगतो.’

मी बसले नाही. स्थळप्रतीची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली. चेहऱ्यावर फारसं काही उमटलं नाही.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘अक्षर माझंच हाय.’

‘कोण हा दिगंबर?’

‘सरपंचाचा भाचा. शेजारच्या गावचा. त्याच्या गावात नुसत्या भिंतीला चिरा पडल्या, यादीत गाव बसलं न्हाई. पोरगं हुशार होतं, बारावी झालेलं. सरपंच रोज यायचा, आप्पा काहीतरी करा.’

‘आणि तुम्ही केलंत?’

‘शेखाचं घर रिकामं होतं, बाईसाहेब. मानूस देगलूरकडं निघून गेला, परत येतंय का न्हाई कुनाला ठाव. फॉर्म तसाच पडून होता. तुमची सही झालेली. वाया जाईल म्हनलं.’

‘वाया जाईल?’ मी ओरडले. जिन्यात दोन मुलं थांबली. ‘आप्पा, नातं मुलगा लिहिलंत? शेखांचा मुलगा दिगंबर? लिहिताना हात कसा थांबला नाही?’

‘फॉर्मात मुलगा, मुलगी, पत्नी एवढंच छापलेलं होतं,’ आप्पा शांतपणे म्हणाले. ‘त्यातलं मुलगी न् पत्नी मी खोडलं. दुसरं काय करनार?’

 हा माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. यात त्यांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं, याची मी पुढे खात्री करून घेतली. त्यांच्या लेखी हे औदार्य होतं. कुणाच्या ताटातलं काढलं असं त्यांना वाटलंच नव्हतं, कारण ताटावर बसायला माणूस दिसत नव्हता.

‘ते चार महिन्यांचं बाळ होतं ना त्या माणसाच्या कडेवर,’ मी म्हणाले. ‘त्याला आता दाखला पाहिजे.’

आता कुठे आप्पांचा झेरॉक्स धरलेला हात खाली आला. ‘ती जगली व्हय?’ ते म्हणाले. मी निघाले तेव्हा पाठीमागून त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाईसाहेब, सही तर तुमीच दिली होती ना?’

आमच्या खात्याचा इतिहास बघितला तर आप्पांचं फार चुकत नव्हतं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, मग हैदराबाद राज्यात, मग मुंबईत, मग महाराष्ट्रात. वरची सरकारं बदलत गेली. खाली मात्र कागद गावातच तयार होतो आणि वर सही होते. पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, लिहिलं ते लिहिलं. वरच्या साहेबाने ते वाचावं अशी पटवाऱ्याची अपेक्षाच नसते, आणि मी तर त्याचा तेवढाही त्रास वाचवला होता.

शुक्रवारी सकाळी मी कलेक्टर साहेबांपुढे फाईल ठेवली. साहेब वयाने माझ्या थोरल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठे. हुशार, भरभर वाचणारे. त्यांनी दाखला वाचला आणि पहिल्याच ओळीत त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘हे वीस वर्षं चाललं?’

‘हो सर.’

‘सही कुणाची आहे?’

‘माझी.’

त्यांना ते ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी माझ्या आजच्या टिपणीवरची सही आणि ती सही शेजारी शेजारी धरली. ‘ही तुमची नाही. कुणीही सांगेल.’

मी अंगठ्याचं सांगितलं. कोऱ्या पुस्तकाचं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.  मग उठून दार लावलं.

‘मॅडम, तुम्हाला किती महिने राहिलेत?’

‘चौदा.’

‘मग ऐका. ही सही खोटी आहे असं तुम्ही म्हणा. हस्ताक्षर तज्ज्ञसुद्धा तेच म्हणतील. तलाठ्यावर गुन्हा दाखल होईल, त्याने लिहिल्याचं तो कबूल करतोच आहे. तुमचं नाव कुठे येत नाही.’

‘आणि मुलीचा दाखला?’

 उत्तर दोघांनाही माहीत होतं. सही खोटी म्हटली की प्रकरण पोलिसांत. पोलिसांतून कोर्टात. दिगंबर वकील लावणार, माझ्या नोकरीवर टाच आणू नका म्हणून स्थगिती घेणार. तोवर त्या कुटुंबाची नोंद वादात. वादातल्या नोंदीवर दुसरा दाखला देता येत नाही. सोमवार तर सोडाच, पोरीचं वय निघून गेलं असतं.

उलट ज्या अधिकाऱ्याने सही केली त्यानेच लेखी दिलं, की मी कोरा फॉर्म सही करून दिला, या माणसाला मी पाहिलेलं नाही, त्याच्या पात्रतेची मी खात्री केलेली नाही, तर तो दाखला कधी दिलाच गेला नव्हता असं धरून रद्द करता येत होता. एका दिवसात. फक्त लिहिणारीची खातेनिहाय चौकशी लागणार. म्हणजे खात्यातल्या खात्यात खटला. तो रिटायर झाल्यावरसुद्धा पाठ सोडत नाही.

‘तुम्ही त्या मंडळ अधिकाऱ्याला सोडलं नव्हतं,’ साहेब म्हणाले. टोमणा होता की नुसती आठवण, मला कळलं नाही.

‘म्हणूनच,’ मी म्हणाले.

मी शूरपणा केला असं कुणाला वाटू नये. साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी लगेच लिहायला बसले नाही. घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, ‘तू खोटं बोललीस तर रोज मलाच ऐकावं लागेल. लिहून टाक.’ मी लिहून टाकलं. सव्वा पान झालं. सगळ्यांत जड गेलं ते वाक्य असं होतं : सदर फॉर्मवर सही करताना तो कोरा होता याची मला जाणीव होती.

रद्दचा आदेश शुक्रवारीच संध्याकाळी निघाला.

दिगंबरचंही सांगायला पाहिजे. तो मला पुढे महिन्याभराने भेटायला आला. चाळिशीचा, केस विरळ झालेला, सरकारी नोकरीत मुरलेला साधा क्लार्क. मला वाटलं होतं भांडायला येईल. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, ‘मामांनी पाकीट दिलं होतं, मॅडम. मी ते तसंच अर्जाला जोडलं. वाचलं तेव्हा नोकरी लागून गेली होती. मग दर वर्षी वाटायचं, आता कुणीतरी विचारील. कुणी विचारलंच न्हाई. शेवटी मलाच वाटायला लागलं, की चालतंय असं.’ त्याला दोन मुलं होती. एक आमच्याच लातुरात क्लासला. नोकरी गेली होती. ‘आता त्याला काय सांगू?’ त्याने विचारलं. 

माझी चौकशी अडीच वर्षं चालली. शेवटी ठपका ठेवला, म्हणजे माझी चूक झाली असं सरकारने मला लेखी कळवलं. मला ते आधीच माहीत होतं. त्या पुस्तकातले बाकीचे फॉर्म मीच काढायला लावले. तीन कधी भरलेच गेले नव्हते. बहुतेक दाखले खऱ्या माणसांना मिळाले होते, त्या चार वेळा आलेल्या म्हातारीलासुद्धा. दोन दाखल्यांवर मात्र अशीच परकी नावं निघाली, आणि त्या दोन घरांत विचारायला येईल असं कुणी शिल्लकच नव्हतं. ते वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही.

पण मला सांगायचंय ते शनिवारचं. सुट्टी असून गायकवाडने कचेरी उघडली होती. रेश्मा एकटीच आली. चाँदपाशा आले नाहीत. आदल्या दिवशी मी त्यांना बोलावून सही कुणाची होती ते माझ्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली होती आणि उठून गेले होते. रेश्मानेही आत येताना मला नमस्कार केला नाही. समोर उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

गायकवाडची घाई चालली होती. त्याच्या मेहुण्याचं औशाला लग्न होतं, बाराचा मुहूर्त, आणि प्रिंटर अडकला होता. शेवटी तो छापील फॉर्म घेऊन आला. शिक्का मारलेला, जावक क्रमांक टाकलेला. ‘मॅडम, तुम्ही तेवढी सही करून द्या, मी बाहेर बसून नाव-गाव भरतो न् तिच्या हातात देतो. तुम्हीपण मोकळ्या, ती पण मोकळी.’

मी पेन उघडलं. खरं सांगते, मला काही सुचलं नाही, काही खटकलं नाही. दोन दिवस झोप नव्हती. त्या मुलीचं काम आज होतंय एवढंच डोक्यात होतं. पेन कागदाला टेकलं, पहिलं अक्षर उमटलंसुद्धा.

‘मॅडम,’ रेश्मा म्हणाली. ‘कोरा हाय त्यो.’

क्लासमध्ये घासून घेतलेलं तिचं पुस्तकी मराठी त्या क्षणी गळून पडलं होतं. गायकवाड जागच्या जागी थिजला. मी पेन उचललं आणि त्या अक्षराकडे बघत बसले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका धक्का कधीच बसला नव्हता. बस्त्यातली सही बघतानाही नाही. ती तर मी जुनी चूक समजत होते.

तो फॉर्म मी आडवा फाडला. गायकवाडने नवा आणला, माझ्यासमोर बसून भरला. कुटुंबप्रमुख शेख चाँदपाशा. लाभार्थी शेख रेश्मा. नातं, मुलगी. मी मोठ्याने वाचला. मग रेश्माने माझ्या हातातून तो घेतला आणि वरपासून खालपर्यंत स्वतः वाचला, छापील मजकुरासकट. मग परत माझ्यासमोर ठेवला.

‘आता करा,’ ती म्हणाली.

मी सही केली.

रेश्मा सध्या तलाठी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या सज्जातले, म्हणजे तिच्याकडच्या गावांतले, लोक तक्रार करतात की ही बाई एका उताऱ्याला अर्धा तास लावते, सगळं वाचत बसते, चकरा मारायला लावते. एकदा एकाने ती तक्रार माझ्याकडेही आणली, मी रिटायर झाले आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला म्हणाले, बाबा, मार चकरा.